डाव्या चाकातला बेल

आमच्या पेठेतल्या सप्ताहाला पहिल्या दिवशी आप्पाबुवा टेंभुर्णीकरांचं कीर्तन, आणि बुवांना टेंभुर्णीहून आणायचा मान सुताचे व्यापारी आबासाहेब यांच्या गाडीला. ही गोष्ट इतकी जुनी झाली होती की पत्रिकेत छापायचीही कुणाला गरज वाटत नसे.

मागच्या वर्षी मात्र बुवा उसाच्या लॉरीवरून आले.

झालं असं की येताना मोहोळच्या अलीकडे आबासाहेबांच्या अँबेसिडरचं पुढचं डावं टायर फाटलं. स्टेपनी काढली, तर ती म्हणजे आधीच त्याच जागेवर झिजून पेन्शनीत निघालेलं टायर. तिनं दोन मैल साथ दिली आणि प्राण सोडला. मागून लॉरी आली, ड्रायव्हरनं बुवांना ओळखलं आणि उसाच्या मोळ्यांवर चढवून घेतलं. पेटी, मृदंग आणि आम्ही दोघं-तिघं एस.टी.नं आलो. आबासाहेब गाडीपाशी राहिले. मंडपात बुवा उभे राहिले तेव्हा त्यांच्या फेट्यात उसाचं पाचट अडकलेलं होतं. ते तसंच ठेवून बुवा म्हणाले, आज वाणी गोड लागली तर श्रेय माझं नाही, खाली लॉरीभर ऊस होता. मंडप हसून हसून लोळला. उत्तररंग सुरू झाल्यावर आबासाहेब पोचले आणि खांबाआड बसले. ते हसले नाहीत. कीर्तनात हसू येऊ नये एवढं मोठं दुःख माणसाला फार थोड्या वेळा होतं.

यंदा सप्ताहाला महिना असताना मंडळाची बैठक बसली. जोतीराम पाटलांनी विषय काढला. जोतीरामचं पंपांचं दुकान होतं आणि नव्यानं घेतलेली जीप होती. माणूस वाईट नव्हता, पण जीप दारात नुसती उभी राहणं त्याला सहन होत नसे.

"आबासाहेब, मान तुमचाच," तो मऊ आवाजात म्हणाला. "गाडी तेवढी माझी."

शेवटी असं ठरलं की सप्ताहाच्या आदल्या शनिवारी मंडळानं आबासाहेबांची गाडी बघायची. चाक धड असलं तर अँबेसिडर जाईल, नसलं तर जीप. एकदा जीप गेली की मान परत येत नसतो, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. आबासाहेबांनी मान हलवली आणि समोरचा चहा तसाच ठेवून उठले.

आता, गाडीची चार चाकं. तीन गुण्यागोविंदानं चालत होती. पुढच्या डाव्याचंच काय बिनसलं होतं कुणास ठाऊक, त्याची बाहेरची कड दोन-अडीच महिन्यांत गुळगुळीत होऊन आतला दोरा दिसायला लागे, आणि आतली कड बघावी तर दुकानातून आणल्यासारखी. नवं टायर लावा, जुनं लावा, त्या जागेवर बसलं की त्याची तीच गत. शिवाय तेव्हा टायर मिळत नसत. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, पण टंचाई काही सरली नव्हती. दुकानदार महिन्याचा वायदा करी, आणि महिन्यानं पुन्हा महिन्याचा.

पेठेत ज्याला सायकलसुद्धा येत नव्हती त्यालाही या चाकाचं निदान करता येत होतं. कुणी म्हणालं ती जागाच शापित आहे, लिंबू बांधा. आबासाहेबांनी लिंबू बांधलं. कुणी म्हणालं हवा कमी भरा, कुणी म्हणालं जास्त भरा. आबासाहेबांनी आठवडाभर कमी भरली, आठवडाभर जास्त. मग जोतीरामनं निदान केलं. तो म्हणाला, डाव्या बाजूला भार जास्त पडतोय. आणि डाव्या बाजूला कोण बसतं हे काही त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. डाव्या बाजूला रंभावहिनी बसत.

रंभावहिनी म्हणजे आबासाहेबांच्या मंडळी. अंगानं भरलेल्या, मनानं त्याहून भरलेल्या. आबासाहेबांना त्यांना सरळ सांगायचा धीर होईना. एका संध्याकाळी गाडीत बसल्यावर ते म्हणाले की डाव्या बाजूनं ऊन लागतं, तू उजवीकडं बस. वहिनींनी बाहेर बघितलं. दिवेलागण झाली होती. जोतीरामच्या बायकोनं नळावर त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं. दार उघडून त्या खाली उतरल्या आणि त्या दिवसापासून देवळात, बाजारात, कीर्तनात पायी जाऊ लागल्या. वाटेत गाडी दिसली तर थांबून तिला हात जोडत आणि पुढं जात. आबासाहेबांना त्या नमस्काराची टायरापेक्षा जास्त धास्ती बसली.

अखेर मी त्यांना विजापूर वेशीपाशी बडेसाबकडं नेलं. बडेसाब आमच्या कीर्तनाला येऊन कडेला उभा राहणारा माणूस. गाणं आवडतं म्हणून येई, आणि बुवांचा स्वर चढला की डोळे मिटून घेई. हातानं मिस्त्री. त्यानं चाकाकडं बघायच्या आधी आबासाहेबांना चप्पल काढायला सांगितली. ती उलटी करून टाच बघितली.

"तुमचा डावा गुडघा दुखतोय," तो म्हणाला.

आबासाहेब चकित झाले. दोन्ही गुडघे दुखत होते, पण डावा जास्त.

"चप्पल बघितली की मानूस कसा चालतोय ते कळतंय. टायरचं बी तसंच हाय."

मग त्यानं सांगितलं ते असं. हवा जास्त झाली की टायर मधोमध झिजतं. कमी झाली की दोन्ही कडा झिजतात. इथं एकच कड गेलीय, तेव्हा हवेचा दोष नाही, चालीचा आहे. त्यानं माझा हात धरून टायरवरून बाहेरून आत फिरवला. मऊ लागलं. मग आतून बाहेर फिरवला, तर करवतीचे दात लागावेत तसं बोटांना लागलं. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवावा, तसं. बडेसाब म्हणाला, हे चाक सरळ पळत नाही, रस्त्यावर तिरकं घासत जातंय.

त्यानं पुढची दोन्ही चाकं उचलून फिरवली आणि फिरतानाच खिळ्यानं दोन्ही टायरांवर एकेक गोल रेघ ओढली. गाडी खाली ठेवून त्या दोन रेघांमधलं अंतर एकदा पुढून मोजलं, एकदा मागून. पुढचं अंतर मागच्यापेक्षा एखादं सूत कमी असावं लागतं. इथं ते चार सूत कमी निघालं, म्हणजे अर्धा इंच. दोन्ही चाकं नवरा-नवरीसारखी एकमेकांकडं बघत चालली होती. सुताच्या व्यापाऱ्याची गाडी सुतानंच चुकावी, याचं मला हसू आलं, पण आबासाहेबांच्या तोंडाकडं बघून मी ते गिळलं. बडेसाबनं चाकांना जोडणारी सळई काढली. ती वाकली होती. तिला सरळ करून, माप लावून, त्यानं गाडी परत दिली. निघताना वहिनींचा विषय मीच काढला. बडेसाब म्हणाला, भाभी बसतात मागं, झिजलंय पुढचं. त्यांची माफी मागा. आबासाहेब हो म्हणाले आणि घरी गेल्यावर विसरले.

पंधरा दिवसांनी टायरला परत दात आले होते. माप परत तीन सूत.

बडेसाबच्या जिव्हारी लागलं. मृदंगवाल्याला थाप चुकली म्हटल्यावर लागतं, तसं. मग म्हणाला की मी सरळ केलेली सळई आपोआप वाकत नाही, ही गाडी कुठंतरी रोज आपटतीय. रोज कुठून कुठं जाता ते सांगा. आबासाहेबांनी सांगितलं, घरापासून दुकान, दुकानापासून घर, कधीमधी कुंभारी गावापर्यंत. सगळा डांबरी रस्ता, एक खड्डा नाही. बडेसाबनं ते तीनदा विचारलं आणि आबासाहेबांनी तीनदा तेच सांगितलं. मंडळाच्या शनिवारला दोन दिवस उरले होते.

बडेसाब चाकापाशी उकिडवा बसला आणि स्क्रू-ड्रायव्हरनं टायरच्या खाचा उकरू लागला. एका खाचेतून त्यानं काहीतरी हिरवं काढलं, धुवून तळहातावर ठेवलं आणि माझ्यापुढं धरलं.

"मास्तर, हे काय हाय?"

बेलाचं पान होतं. तिन्ही दलं शाबूत. मग दुसरं निघालं, मग अर्धं. खाचेच्या तळाशी दूध वाळल्यासारखं पांढरं काहीतरी होतं. उजव्या चाकात यातलं काहीच नव्हतं. घर ते दुकान या वाटेवर बेलाचं झाड नाही. पेठेत बेल आणि दूध एकत्र वाहतं अशी जागा एकच, चंद्रव्वा झाडते ते महादेवाचं देऊळ. आम्ही दोघांनी आबासाहेबांकडं बघितलं. आबासाहेब छपराच्या पत्र्याकडं बघत होते.

मग निघालं ते असं. गेली तीन वर्षं, रोज पहाटे मिलचा पहिला भोंगा व्हायच्या आत, आबासाहेब महादेवाला अकरा प्रदक्षिणा घालत होते. गुडघे चालू देत नाहीत म्हणून गाडीतून. प्रदक्षिणा म्हणून चपला घरी ठेवून, अनवाणी पायांनी क्लच दाबत. बडेसाबनं कपाळाला हात लावला आणि विचारलं की तीनदा विचारल्यावर हे का नाही सांगितलं. आबासाहेबांना या प्रश्नाचं खरोखर नवल वाटलं.

"ते काय गाडी चालवनं हाय व्हय? ती सेवा हाय की. सेवा काय गॅरेजात सांगायची असती?"

कशासाठी प्रदक्षिणा, हे मी विचारलं. नवस बोलून दाखवायचा नसतो, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही देवळाशी गेलो. बडेसाब चपला बाहेर काढून दाराशी भिंतीला टेकून बसला. देऊळ लहान, दगडी, सभोवती गाडी फिरेल एवढं अंगण. गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी उत्तरेकडच्या गोमुखातून बाहेर पडतं आणि दगडी पन्हळीतून अंगण ओलांडून विहिरीकडं जातं. भिंतीलगत पन्हळीवर फरशी आहे. त्यापुढं ती उघडी आहे आणि तिचा काठ चार बोटं वर आलेला आहे.

आबासाहेबांची गाडी आत आली. देव उजव्या हाताला धरून फिरू लागली. पन्हळीपाशी चंद्रव्वा झाडत होती. गाडी जवळ येताच तिनं झाडू वर उचलला. आबासाहेबांनी काचेतून हसून तिला हात जोडले, आणि हात स्टिअरिंगवर नसतानाच गाडी पन्हळीवर गेली. उजवं चाक फरशीवरून अलगद पलीकडं आणि डावं धप् करून पन्हळीत. मग काठावर आपटून, कण्हत वर. दुसऱ्या फेरीला परत झाडू, परत नमस्कार, परत धप्. असं अकरा वेळा. बडेसाब बोटांवर मोजत होता आणि प्रत्येक धप्ला त्याचा खांदा उडत होता, जणू सळई त्याच्याच अंगात बसवली होती.

अकरावी झाली तसा तो मला बाजूला घेऊन म्हणाला की कारणं दोन आहेत. एक, काठावर आपटून सळई वाकते. दुसरं, रोज एकाच अंगाला इतकं आवळून वळल्यावर बाहेरची कड घासणारच. पण हे आबासाहेबांना सांगणार कोण?

"तुमी सांगा, मास्तर. रस्त्यातला दगड असता तर मीच उचलून टाकला असता. देवाला वळसा घालू नका, हे मी कुठल्या तोंडानं सांगू?"

मी म्हटलं, कुणाचा नवस मोडायचं पाप मलाही नको. तो म्हणाला तुम्ही मास्तर आहात, मी म्हणालो तू मिस्त्री आहेस. आम्ही असे एकमेकांना पुढं ढकलत होतो, तेवढ्यात चंद्रव्वाच झाडू घेऊन आली. घरात कन्नड बोलणारी बाई, पण त्या दिवशी आमच्यासाठी तिनं मराठीत तोंड सोडलं.

"तीन वर्षं झाडू दाखवून थांब म्हणते मी. हे मलाच नमस्कार करतात."

आबासाहेब गाडीतून उतरत होते, ते तिथंच थबकले. त्यांना इतके दिवस वाटत होतं की म्हातारी आशीर्वाद देते.

चंद्रव्वानं मग सांगितलं ते तिच्याकडं लेकराबाळांनाही ठाऊक होतं. महादेवाचं पाणी ओलांडायचं नसतं. पन्हळीपर्यंत जायचं, तिथून माघारी फिरायचं, नंदीपुढून दुसऱ्या अंगानं पुन्हा पन्हळीपर्यंत, आणि परत नंदीशी. ही त्याची एक प्रदक्षिणा. आबासाहेबांचं घराणं विठोबाचं. त्यांना पुरा गोल तेवढा माहीत. मलाही हे माहीत होतं आणि कधी सांगितलं नाही, कारण ते महादेवाला फेऱ्या घालतात हेच मला माहीत नव्हतं.

आबासाहेब नंदीपाशी मटकन बसले. रोज अकरा, आणि तीन वर्षं, असं काहीतरी पुटपुटत होते. मग म्हणाले, म्हणजे टायर झिजत नव्हतं, मला शिक्षा होत होती.

बडेसाब दाराच्या आत एक पाऊल आला.

"शिक्षा असती तर गाडी उलथली असती, आबासाहेब. नुसत्या टायरावर भागलंय. आनि बघा की, तुमचं शास्तर जितं ओलांडू नका म्हनतंय, तितंच माझी सळई वाकतीय. दोघांचं एकमत हाय."

हे ऐकून आबासाहेबांच्या चेहऱ्यावर रंग आला. माझ्या मनात आलं की एवढं सरळ निरूपण मी मंडपातसुद्धा फार ऐकलेलं नाही.

त्या दिवशी बडेसाबनं सळई पुन्हा सरळ केली, माप एका सुतावर आणलं, झिजलेलं टायर मागं आणि मागचं चांगलं पुढं लावलं. आणि यावेळी एक अट घातली. भाभींची माफी मागितल्याशिवाय गाडी न्यायची नाही. आबासाहेब पायी घरी गेले. तिथं काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण तासाभरानं वहिनी स्वतः गॅरेजात आल्या आणि म्हणाल्या की सोमवारी मी टेंभुर्णीला येणार, आणि डाव्या बाजूलाच बसणार.

शनिवारी मंडळानं चाक बघितलं. जोतीरामनं हात फिरवून बघितला, आतून बाहेर, बाहेरून आत. काही लागलं नाही. तरी तो म्हणाला की सोमवारी मी आपला मागून येतो, वेळ सांगून येत नाही.

सोमवारी पहाटे आबासाहेबांनी अकरा फेऱ्या नव्या रीतीनं घातल्या. म्हणजे असं की गाडी पन्हळीपर्यंत जाई, चंद्रव्वा झाडू आडवा धरून थांबवी, मग पुढं-मागं करत गाडी वळे आणि दुसऱ्या अंगानं परत झाडूपर्यंत येई. चौकातल्या पोलिसाला जमणार नाही अशी तिची शिस्त. या गडबडीत निघायला उशीर झाला, आणि जोतीराम जीपमध्ये बसून घड्याळ बघत राहिला.

जाताना काही झालं नाही. टेंभुर्णीला वहिनींनी बुवांच्या घरच्यांची ओटी भरली, कडक भाकरी आणि शेंगाचटणीची टोपली दिली. त्यांनी तेवढ्याच वजनाचे पेरू परत दिले. ते वहिनींनी मांडीवर घेतले. बुवा पुढं बसले, मी मागं उजवीकडं.

मोहोळ ओलांडल्यावर बुवांनी गाडी थांबवायला सांगितली. गेल्या वर्षीची जागा त्यांच्या ध्यानात होती. खाली उतरून त्यांनी डाव्या चाकावर हात ठेवला आणि विचारलं की यंदा ऊस का नाही. मग सगळं सांगणं आलं. मी सांगितलं, झाडू वर करून दाखवला, बडेसाबचं वाक्यही सांगितलं. बुवा एवढे हसले की फेटा सुटला. तो तिथंच रस्त्याकडेला पुन्हा बांधावा लागला. मागं जीप थांबली होती. आमच्या धुळीनं जोतीराम नखशिखांत भस्म लावल्यासारखा दिसत होता. तो काय झालं म्हणून धावत आला. काही झालं नाही म्हटल्यावर हळूहळू परत गेला.

गाडी सुरू झाली तसे बुवा म्हणाले, "आबासाहेब, नवस होता कशाचा?"

आबासाहेबांनी रिकाम्या रस्त्यावर हॉर्न वाजवला. बुवांनी त्यांना समजावलं की केलेला नवस देवापासून लपवायचा नसतो, आणि माणसांपासून लपवायचाही तो पुरा होईपर्यंत. तुमचा तर कधीच पुरा झालेला दिसतोय. तुम्ही नुसता फेडताय.

आबासाहेब रस्त्याकडं बघत बोलले. दुष्काळाच्या साली हिला विषमज्वर झाला होता. दहा दिवस शुद्ध नव्हती. डॉक्टरनं हात टेकले होते. अकराव्या दिवशी मी महादेवाच्या दाराशी उभा राहून बोललो की हिनं डोळं उघडलं तर जिता हाय तवर रोज अकरा फेऱ्या घालीन. बाराव्या दिवशी हिनं भाकरी मागितली.

चाकांचा आवाज तेवढा येत होता, दोन्ही अंगांनी सारखा. बुवा हातातले टाळ उगाच पुसत होते. रंभावहिनी खिडकीबाहेर ज्वारीच्या रानांकडं बघत होत्या. मैलभर तशाच बघत होत्या. मग त्यांनी पेरूची टोपली मांडीवर नीट सावरली.

"म्हंजे टायर माझ्यामुळंच झिजलं की," त्या म्हणाल्या.

आबासाहेबांनी मागं वळून बघितलं. बुवांनी त्यांची मान हातानं धरून पुन्हा रस्त्याकडं वळवली.